मळेकऱ्याचा कुत्रा आणि डायनाचं तळ्यात-मळ्यात

निंबोणी

पुण्यात स्पॅनिशच्या वर्गाला जाते हे इथे अनेकांना माहीत आहे. क्रियापदं चालवता चालवता जीव मेटाकुटीला आला की आमच्या बाई एखादा सिनेमा लावतात. गेल्या शनिवारी 'एल पेर्रो देल ओर्तेलानो' लावला. दिग्दर्शिका पिलार मिरो, साल १९९६. मूळ नाटक लोपे दे वेगा या स्पॅनिश नाटककाराचं, १६१८ मध्ये छापलेलं. लावण्याआधी बाई एवढंच म्हणाल्या, "सगळे पद्यात बोलतात, घाबरू नका." आम्ही अर्थातच घाबरलो.

दहा मिनिटांत भीती गेली. पद्य आहे हे विसरले असं नाही म्हणणार, कारण कानाला सतत जाणवत होतं. पण झोपाळ्याची लय अंगात भिनली की आपण झोके मोजत बसत नाही, तसं झालं.

गोष्ट नेपल्सची. (रसभंग इशारा. नाटक चारशे वर्षांचं आहे, तरी देते.) डायना ही बेलफ्लोरची काउंटेस. तरुण, श्रीमंत, लग्नाला उभी. दोन सरदार दारात ताटकळत आहेत आणि दोघेही तिला नको आहेत. एका रात्री वाड्यात कुणी पुरुष शिरल्याचा तिला संशय येतो. नोकर दिवा घेऊन धावतो तर पळणारा त्या दिव्यावर टोपी फेकून मारतो आणि अंधार! बाईसाहेब भर रात्री सगळ्या दासींना उभं करून उलटतपासणी घेतात. निघतं असं, की आलेला माणूस घरचाच होता. तिचाच चिटणीस तेओदोरो, मार्सेला नावाच्या दासीला भेटायला आलेला. दिव्यावर टोपी मारणारा त्याचा नोकर त्रिस्तान.

इथवर डायनाला तेओदोरोत काही रस नाही. मार्सेलाचं त्याच्यावर प्रेम आहे म्हटल्यावर मात्र बाईसाहेबांना तो दिसायला लागतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तिचं तळ्यात-मळ्यात. तो जवळ आला की हिला आपलं कूळ आठवतं, आणि तो मार्सेलाकडे वळला की हिची झोप उडते. 'माझ्या एका मैत्रिणीसाठी' म्हणून ती प्रेमपत्र लिहिते आणि त्यालाच तपासायला देते. मुद्दाम पाय घसरून पडते. तो अदब म्हणून हात झग्यात गुंडाळून पुढे करतो, तर त्यावरही टोमणा मारते. मग उघडा हात धरून उठते आणि म्हणते (मी सैल भाषांतर करतेय) : "माझं हे पडणं गुपित ठेव, तुला वर चढायचं असेल तर."

त्या एका ओळीवर मी खुर्चीत सरळ होऊन बसले. बाईला 'तू मला आवडतोस' म्हणता येत नाही. हुद्दा आड येतो. म्हणून मग पत्र, पडणं, पुसणं, शिक्षा, सगळं वापरून झालं तरी ते तीन शब्द काही तोंडातून निघत नाहीत.

मला अजून ठरवता येत नाहीये की डायना मला आवडली की तिचा राग आला. तेओदोरोबद्दल तर त्याहून वाईट अवस्था आहे. तुमच्यापैकी कुणी पाहिला आहे का?

चष्मिष्ट

पाहिला नाही, पण शीर्षकावरून इसापनीतीतला गव्हाणीतला कुत्रा आठवला. स्वतः गवत खात नाही आणि बैलालाही खाऊ देत नाही. तोच का हा?

निंबोणी

भाऊबंदच. फक्त स्पॅनिश कुत्रा गोठ्यात नसतो, भाजीच्या मळ्यावर राखणीला असतो. ओर्तेलानो म्हणजे भाजीपाला पिकवणारा मळेकरी. कुत्रा कोबी खात नाही आणि दुसऱ्याला खाऊही देत नाही. नाटकात तेओदोरो शेवटी वैतागून डायनाला हीच म्हण तोंडावर ऐकवतो. "खा, नाहीतर खाऊ दे! असल्या दमलेल्या आशेवर माझं पोट भरत नाही." म्हणून शीर्षकात तळ्यात-मळ्यात. मळा तयारच होता. :)

चष्मिष्ट

मालकिणीला कुत्रा म्हणाला? नोकरी राहिली का त्याची?

निंबोणी

नोकरी राहिली, नाक फुटलं. तिने अशी थप्पड मारली की रक्त आलं. मग परत येऊन तोच रक्ताचा रुमाल त्याच्याकडून मागून घेतला आणि नवे रुमाल शिवायला दोन हजार एस्कुदो दिले. आता बोला.

मद्रिदस्थ

निंबोणीताई, धागा वाचून फार बरं वाटलं. इथे येऊन अकरा वर्षं झाली, आणि हा सिनेमा पाहिला नसेल तर इथली माणसं 'अरेरे' म्हणतात. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण पडद्यामागची गोष्टही कमी नाट्यमय नाही.

पिलार मिरो म्हणजे साधं प्रकरण नव्हे. १९७९ मध्ये तिने 'एल क्रीमेन दे क्वेन्का' केला. सिव्हिल गार्डने (निमलष्करी पोलिसांनी) खोट्या खुनाच्या आरोपात दोघा गावकऱ्यांचा छळ केल्याची खरी घटना. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये गेला होता, राज्यघटनाही नवी झाली होती, तरी सिनेमा अडकवला गेला आणि बाईवर लष्करी न्यायालयात खटला भरण्यापर्यंत मजल गेली. प्रदर्शित झाला १९८१ मध्ये. पुढे समाजवादी सरकार आलं आणि हीच बाई सरकारात सिनेमा खात्याची प्रमुख झाली. १९८३ च्या अनुदानाच्या नियमांना लोक आजही 'मिरो कायदा' म्हणतात. १९८६ मध्ये सरकारी दूरदर्शनची पहिली महिला महासंचालक. आणि १९८९ मध्ये राजीनामा, का, तर सरकारी पैशातून स्वतःसाठी कपडे घेतल्याचा आरोप! खटला चालला आणि १९९२ मध्ये ती निर्दोष सुटली, पण तोवर वर्तमानपत्रांनी तिच्या झग्यांची यथेच्छ मोजदाद केली होती.

हे आठवून 'पेर्रो' बघा. डायना दर थोड्या वेळाने नव्या झग्यात येते, असा थाट की डोळे दिपावेत. वेषभूषा पेद्रो मोरेनोची. मिरोच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक, पण कपड्यांवरून जिला फाडून खाल्लं तिने पुढे कपड्यांनीच पडदा भरून टाकावा, यात मला तरी वचपा दिसतो.

चित्रीकरण चालू असताना मध्येच पैसा आटला आणि काम थांबलं. शास्त्रीय नाटक, तेही छंदोबद्ध, असल्या सिनेमाला तिकीट कोण काढणार हा प्रश्न आधीपासून होताच. शेवटी पूर्ण झाला, लोकांनी गर्दी केली, आणि गोयाच्या (स्पेनच्या चित्रपट पुरस्कारांच्या) रात्री बारा नामांकनांपैकी सात पुरस्कार घेऊन गेला. दिग्दर्शन, अभिनेत्री, रूपांतरित पटकथा, छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेषभूषा, रंगभूषा-केशभूषा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मात्र मिळाला नाही, तो अमेनाबार नावाच्या एका पोरसवदा दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटाला गेला.

ते सगळं १९९७ च्या जानेवारीत. ऑक्टोबरमध्ये तिने राजकन्या क्रिस्तिनाच्या लग्नाचं बार्सिलोनाहून थेट प्रक्षेपण दिग्दर्शित केलं आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी हृदयविकाराने गेली. सत्तावन्न वर्षांची होती.

साकी_दिंडी

वा! मद्रिदस्थ, हा वेगळा लेखच व्हायला हवा होता.

मी जरा छंदाकडे वळवतो. लोपेने १६०९ मध्ये नाटक कसं लिहावं यावर एक पद्य-निबंध लिहिला. त्यात कोणत्या प्रसंगाला कोणता छंद याचा साफ हिशोब आहे. गाऱ्हाण्याला देसिमा, वाट पाहणाऱ्याच्या तोंडी सॉनेट (आपलं चौदा ओळींचं सुनीत), हकिगत सांगायची तर रोमान्से, आणि प्रेमाच्या बोलण्याला रेदोंदिया. आपल्याकडे आख्यानात कथा ओवीत पुढे सरकते, मध्येच आर्या येते, मग साकी, दिंडी, आणि ऐकणाऱ्याला छंद बदलला की कळतं, आता काहीतरी वेगळं होणार. त्या काळच्या माद्रिदच्या प्रेक्षकाचे कानही तसेच तयार असणार. उभ्याने नाटक बघणारे पुढच्या अंगणातले लोक निरक्षर असतील, बहिरे नव्हते.

या नाटकात तर सॉनेट्सची रेलचेल आहे, एकूण नऊ. पात्र एकटं पडलं की सॉनेट. डायना एकटी पडते तेव्हा सॉनेट, मार्सेलाचंही तसंच. आणि ती 'मैत्रिणीची' चिठ्ठी, तीसुद्धा सॉनेटच.

आता गंमत. रेदोंदिया म्हणजे आठ अक्षरांच्या चार ओळी, पहिलीचं यमक चौथीशी आणि दुसरीचं तिसरीशी. आठ अक्षरं! म्हणजे आपली अष्टाक्षरी. अक्षरं मोजायची रीत थोडी निराळी आहे, दोन शब्दांचे स्वर एकमेकांत विरघळतात, ओळीचा शेवट आघाताचा असेल तर सातावर भागतं, वगैरे. पण चाल ओळखीची वाटते ती उगाच नाही. म्हणून निंबोणीताईंना पद्य टोचलं नाही.

शेवटी डायना तेओदोरोला जे म्हणते ते अष्टाक्षरीत बसवून पाहिलं :

सुख कुठले थाटात,
सुख इतकेच आहे :
जीव जे मागत राहे
तेच बसावे मापात.

झेपलं का?

मद्रिदस्थ

झेपलं आणि आवडलं. पण शिक्षकी सवय, म्हणून सांगतो : मूळ जागी रेदोंदिया नाही, रोमान्से आहे. आठ अक्षरं खरी, पण एकाआड एक ओळीत फक्त स्वरांचं यमक. तुम्ही तिला जरा जास्तच सजवलीत.

साकी_दिंडी

मान्य. काउंटेस आहे, थोडी सजली तर बिघडलं कुठे?

निंबोणी

'मापात' वाचून आधी शिंप्याचं दुकान डोळ्यासमोर आलं. मग मूळ ओळ काढली तर तिथे 'आहुस्तार्से' आहे, नेमकं बसणं. कपडा अंगाला बसतो तसं. म्हणजे शिंपी तिथेही आहेच. झग्यांच्या सिनेमात हे फारच जमून गेलं.

खमंग_काकडी

सगळे डायनाच्या झग्यावर लट्टू झालेत म्हणून मी मार्सेलाचं वकीलपत्र घेते.

त्या मुलीचा गुन्हा काय? मालकिणीने स्वतः विचारलं, तिने खरं सांगितलं. मालकीण म्हणाली, तुमचं लग्न लावून देते. पुढच्याच वळणावर तिला खोलीत कोंडलं. तिकडे हिचा प्रियकर! बाईसाहेबांची नजर आपल्यावर पडली असं वाटताच हिने पाठवलेली चिठ्ठी न वाचता फाडतो. बाईसाहेबांनी झिडकारलं की पुन्हा हिच्या पायाशी. ती परत घेते. पुन्हा सोडतो. आणि शेवटी तिला कुणा फाबियोच्या गळ्यात बांधतात. का? तर विनोदी नाटकात शेवटी सगळ्यांची लग्नं लागली पाहिजेत.

याला प्रेमकथा म्हणतात? मला ही दोन मांजरं आणि एक उंदीर अशी गोष्ट वाटते. मी हसले, नाही असं नाही. पण नंतर घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

चष्मिष्ट

+१. तेओदोरोला तर 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' अशी सबब तरी आहे. मार्सेलाला कुणी काही विचारतच नाही.

(हो, मी काल रात्री पाहिला. या धाग्यामुळे झोपायला दोन वाजले.)

निंबोणी

काकडी, तुझं खरं आहे आणि म्हणूनच मला ठरवता येत नाहीये. पण एक सांगू का? मार्सेलाही अगदी गरीब गाय नाही. चिठ्ठी फाडल्यावर ती फाबियोला जवळ करते ते निव्वळ सूड म्हणून, आणि ते त्याला बोलूनही दाखवते. या नाटकात कुणीच 'बिच्चारं' नाही. सगळे हुशार, सगळे स्वार्थी, आणि सगळे थोडे थोडे घाबरलेले. डायनाच्या हाती किल्ली आहे एवढाच फरक, म्हणून तिची भीती दुसऱ्याला महागात पडते.

खमंग_काकडी

'एवढाच फरक' म्हणे! किल्ली कुणाच्या हाती यावरच तर सगळं.

पणजीकर

मी रोमात (नुसता वाचत) होतो, टाइल्स बघून बाहेर आलो.

सिनेमा नेपल्सचा म्हणतात पण चित्रीकरण पोर्तुगालमधल्या राजवाड्यांत झालंय. मला ते श्रेयनामावली वाचायच्या आधीच कळलं, भिंती बघून. निळ्या-पांढऱ्या अझुलेजो टाइल्स! लहानपणी पणजीत मिनेझिस ब्रागांझाच्या दालनात वडिलांबरोबर जायचो. तिथे भिंतीभर तशाच टाइल्सवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. वडील वाचनालयात जायचे, मी भिंतीवरची जहाजं मोजायचो. स्पॅनिश सिनेमातला इटलीतला वाडा बघताना मला पणजी दिसत होती.

त्यामुळे कथेकडे नीट लक्ष गेलं नाही, पुन्हा बघावा लागेल. पण एक जाणवलं. नाटक म्हटल्यावर चार भिंतींत कोंडल्यासारखं होईल असं वाटलं होतं, तसं नाही. बाई संवाद चालू असताना माणसांना चालतं ठेवते. बाग, जिने, गॅलऱ्या. दोघं भांडत भांडत दालनं ओलांडतात. आमच्याकडे नाटकाचा सिनेमा करतात तेव्हा सोफ्यावरून कुणी उठत नाही.

मद्रिदस्थ

पणजीकर, बरोबर पकडलंत. छायाचित्रकार हाविएर आगिर्रेसारोबे. आणि पद्य बोलत चालणं सोपं नसतं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवावं लागतं. नटांना पद्य म्हणायला शिकवायला आलिसिया एर्मिदा ही जुनी अभिनेत्री होती. पटकथेत मिरोबरोबर राफाएल पेरेस सिएर्रा, जो राष्ट्रीय अभिजात नाट्यसंस्थेचा संचालक राहिलेला. म्हणजे तालीम पक्की होती. म्हणूनच डायना झालेली एम्मा स्वारेस पद्य 'म्हणत' नाही, तिला ते त्या क्षणी सुचतंय असं वाटतं. हीच एम्मा स्वारेस पुढे २०१७ मध्ये एकाच रात्री मुख्य आणि सहायक असे दोन्ही गोया घेऊन गेली. मार्सेला झालेली आना दुआतो तर इथे घराघरातली. एकाच दूरचित्रवाणी मालिकेत २००१ पासून २०२३ पर्यंत आई होती! काकडीताई, मार्सेलाचं शेवटी भलं झालं बरं का.

खमंग_काकडी

फाबियोपेक्षा मालिका बरी.

व्होल्गाकाठचा

उशिरा आलो. या गोष्टीचा सोव्हिएत अवतार कुणाला ठाऊक आहे का? मी ऐंशीच्या दशकात तिकडे शिकायला होतो. वसतिगृहाच्या दूरचित्रवाणी संचावर 'सोबाका ना सेने' लागला की स्वयंपाकघरात बटाटे करपायचे. यान फ्रीडने १९७७ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेला, दोन भागांचा. डायना झाली होती मार्गारिता तेरेखोवा, तेओदोरो मिखाइल बोयार्स्की, आणि त्रिस्तान आर्मेन झिगारखान्यान. त्यात भरपूर गाणी, संगीत ग्लादकोवचं. चित्रीकरण क्रिमियात, लिवादियाच्या राजवाड्यात. तोच, जिथे १९४५ मध्ये याल्टाची बैठक झाली. जिथे स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल बसले तिथे बोयार्स्की मिशा पिळत गातो.

रशियन म्हणीत कुत्रा गवताच्या गंजीवर बसतो, म्हणजे आपल्या गव्हाणीच्या जवळचा.

दोन्ही पाहिल्यावर माझं मत : रशियन जास्त हसवतो, मिरोचा जास्त बोचतो. तेरेखोवाची डायना बर्फ आहे, आतून पेटलेला. स्वारेसची डायना आधीपासूनच दमलेली वाटते. आपण करतोय ते चूक आहे हे तिला कळतंय आणि थांबता येत नाहीये.

निंबोणी

'आधीपासूनच दमलेली' हे अगदी बरोबर. मला हाच शब्द सापडत नव्हता.

ठोकळेबाज

सगळ्यांची माफी मागून : मला नाही आवडला. एका श्रीमंत बाईचे नखरे, त्यावर मलमपट्टी म्हणून खोटी वंशावळ. हरवलेला मुलगा सापडला आणि नोकर सरदार झाला! हिंदी सिनेमाला आपण यासाठी नावं ठेवतो आणि स्पॅनिश असलं की अभिजात?

साकी_दिंडी

ठोकळेबाज, शेवटपर्यंत पाहिलात का? खोटी वंशावळ ही पळवाट नाहीच, तोच तर या नाटकाचा दंश आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : म्हातारा काउंट लुदोविको याचा मुलगा वीस वर्षांपूर्वी माल्टाला जाताना जहाजावरून पळवून नेलेला. त्याचंही नाव तेओदोरो. त्रिस्तान ग्रीक व्यापाऱ्याचं सोंग घेतो, तोंडाला येईल ती 'ग्रीक' नावं ठोकून देतो आणि म्हाताऱ्याला पटवतो की तुमचा मुलगा तो हाच. म्हातारा आनंदाने वेडा होतो. हिंदी सिनेमा असता तर तो खरंच मुलगा निघाला असता, लॉकेट जुळलं असतं, आई आंधळी असती तर दिसायला लागलं असतं. इथे तो मुलगा नाही. तेओदोरोला ठाऊक आहे, तो जाऊन डायनाला खरं सांगतो. सबंध नाटकात त्याने केलेली एकमेव सरळ गोष्ट. आणि डायना काय म्हणते? चालेल. तिला कुलीन नवरा नकोच होता, लोकांना दाखवायला कुळाचा कागद हवा होता.

मग नाटकाच्या अगदी शेवटी प्रेक्षकांनाच विनंती : तेओदोरोचं गुपित कुणाला सांगू नका. म्हणजे अंगणात उभे असलेले शेकडो लोक त्या लबाडीत सामील. त्यात कारागीर, दुकानदार होते, आणि वरच्या खिडक्यांत उमराव बसलेले. घराण्याची इभ्रत ही सगळ्यांनी मिळून गिळलेली थाप आहे, हे त्यांच्या तोंडावर हसत हसत सांगून लोपे घरी गेला.

चष्मिष्ट

आणि डायनाची पहिली सूचना काय, तर गुपित फुटू नये म्हणून त्रिस्तान झोपला की त्याला वाड्यातल्या विहिरीत ढकलू! तो नेमका ते ऐकतो. 'इकडे आड तिकडे विहीर' हे इतकं शब्दशः कुणाच्याच बाबतीत झालं नसेल.

ठोकळेबाज

साकी, मुद्दा पोचला. मी म्हातारा नाचायला लागला तिथे बंद केला होता. पुन्हा लावतो. पण नखऱ्यांचं मत तूर्त कायम.

मद्रिदस्थ

चिटणिसाबद्दल एक गोष्ट राहिली. तेओदोरो हा 'सेक्रेतारिओ', म्हणजे गुपितं सांभाळणारा. शेवटच्या विनंतीतला 'सेक्रेतो' त्याच शब्दाचा भाऊ. आणि लोपे स्वतः चिटणीस होता! सेस्साच्या ड्यूकचा. ड्यूकसाहेबांची प्रेमपत्रं लोपे लिहून द्यायचा. १६१४ मध्ये तो धर्मगुरू झाला, कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्याने या पत्रांवर हरकत घेतली आणि लोपेची पंचाईत झाली. अभ्यासक हे नाटक साधारण त्याच वर्षांतलं मानतात. मालकाच्या प्रेमाची भाषा भाड्याने लिहिणारा माणूस, मालकीण चिटणिसाला प्रेमपत्र तपासायला देते असा प्रसंग लिहितोय. मला तो प्रसंग बघताना नेहमी लोपेच्या बोटांवरची शाई दिसते.

खमंग_काकडी

हे माहीत नव्हतं. मग तो दुसरा पत्राचा प्रसंगही, डायना खुर्चीत बसून पत्र सांगते आणि तेओदोरो उतरून घेतो. 'उच्च कुळातल्या स्त्रीने मन उघड केल्यावर दुसरीशी बोलत राहणं हा नीचपणा आहे' अशा अर्थाचं. तो विचारतो कुणाला पाठवायचं, आणि ती तुझं तू समज म्हणून निघून जाते. स्वतःच्या अक्षरात स्वतःलाच आलेली धमकी. हा प्रसंग मला सगळ्यात आवडला, कबूल करते. मार्सेलाची माफी मागून.

निंबोणी

काकडी फितूर झाली! :D

पण तुझ्या 'किल्ली कुणाच्या हाती' वर मी दोन दिवस विचार करतेय. काल तो थपडेचा प्रसंग परत पाहिला. पहिल्यांदा मी हसले होते, वर्गात सगळेच हसले होते. आता कल्पना केली की मालक पुरुष आहे आणि चिटणीस बाई. नाक फोडून रुमालाचे दोन हजार दिले असते तर कुणाला हसू आलं असतं? मिरोने कॅमेरा एम्मा स्वारेसच्या चेहऱ्यावर इतका ठेवलाय की आपण तिचं दुःख बघतो आणि त्याचं रक्त विसरतो. तरी ती मला आवडते. हे माझं तळ्यात-मळ्यात.

साकी_दिंडी

त्या 'मैत्रिणीच्या' चिठ्ठीतल्या सॉनेटच्या पहिल्या चार ओळींवर तीन दिवस बसलोय. मूळ सुरुवात : 'आमार पोर वेर आमार, एनविदिया आ सिदो'. दुसऱ्याला प्रेम करताना पाहून प्रेम करणं हा हेवा झाला, आणि प्रेम करण्याआधीच मत्सर वाटणं ही प्रेमाची अद्भुत युक्ती, जी अशक्य मानली जात होती. अडचण अशी की लोपे 'एनविदिया' आणि 'सेलोस' वेगळे ठेवतो. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवं, हा पहिला. आपलं कुणी नेईल ही भीती, हा दुसरा. डायनाचा पेच असा की जे तिचं झालेलंच नाही ते कुणी नेईल म्हणून ती जळतेय.

मराठीत हेवा आणि मत्सर अशी वाटणी केली. अकरा अक्षरी :

प्रीत पाहून जडे प्रीत, हेवा;
प्रेमाआधीच मनात मत्सर :
ही प्रीतीचीच युक्ती अगोचर,
घडेल असे वाटले न केव्हा.

व्होल्गाकाठचा

सुरेख. 'मत्सर'ऐवजी 'असूया' चाललं असतं का?

साकी_दिंडी

असूया फार सोज्वळ वाटते हो. मत्सराला 'सवतीमत्सर' हा शेजार आहे, म्हणून तो घेतला. आणि यमकही जुळतं, खोटं कशाला बोलू.

पणजीकर

पण 'अगोचर'? आमच्या घरी अगोचर म्हणजे नको तिथे हात घालणारं, सांगितलेलं न ऐकणारं पोर. आजी मला रोज म्हणायची. इंद्रियांना न कळणारं वगैरे अर्थ मला फार नंतर शाळेत कळला.

साकी_दिंडी

मी शाळेतलाच अर्थ धरून लिहिलं होतं. आजींचा जास्त बरोबर आहे. ठेवतो तसाच.